हत्याराचा कल आणि मधल्या वाटेचा हिशेब

धान्याच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाने यंत्राविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु माझा पुतण्या पेढीवर न बसता बेळगावच्या एका कारखान्यात संगणक-नियंत्रित यंत्रावर काम करतो. गेल्या वर्षी त्याच्या हातून पंपाच्या पंख्याचा एक नग बिघडला. "काका, आरंभ व शेवट दोन्ही बरोबर होते, चूक मधल्या वाटेत झाली," असे तो म्हणाला. ते समजून घेताना जे उमगले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवतो.

साध्या यंत्रात हत्यार एक्स, वाय व झेड या तीन सरळ दिशांनीच सरकते. पंचअक्षीय यंत्रात दोन फिरते अक्ष अधिक असतात. झेडभोवती फिरणाऱ्या अक्षास सी म्हणतात. म्हणून हत्याराचे टोक कोठे आहे याबरोबरच दांडा कोणीकडे कलला आहे, हेही आज्ञावलीत सांगावे लागते. पोत्यात परखी खुपसून टोक न हलविता मूठ फिरवावी, तसाच हा प्रकार. सीमेन्सच्या नियंत्रकावर 'ट्राओरी' ही आज्ञा दिली की, कल बदलत असता टोक नेमल्या जागी ठेवण्याचे काम नियंत्रकच करतो.

आता समजा, उभ्या रेषेपासून ४५ अंश पूर्वेस कललेले हत्यार तितकेच उत्तरेस कलवावयाचे आहे. 'ओरीॲक्सेस' लिहिल्यास फिरते अक्ष आपापल्या कोनांतून समप्रमाणात फिरतात. सी अक्ष असलेल्या यंत्रात तेव्हा कल वाटभर ४५ अंशच राहतो. 'ओरीवेक्ट' लिहिल्यास दांडा आरंभीच्या व शेवटच्या दिशेस सामावणाऱ्या एकाच प्रतलातून, म्हणजे जवळच्या वाटेने जातो. मध्यावर कल सुमारे ३५ अंश उरतो. हा १० अंशांचा फरक टोकापासून १०० मिलिमीटरवर सुमारे १७ मिलिमीटर भरतो. शेजारी पंख्याचे पाते असेल, तर हत्यार त्यात शिरते.

आज्ञा न लिहिल्यास यंत्रात आधी ठरवून ठेवलेली रीत लागू होते. पुतण्याने एक रीत गृहीत धरली, यंत्रात दुसरी होती. आता तो प्रत्येक आज्ञावलीत रीत स्पष्ट लिहितो आणि नग न लावता हत्यार एकदा फिरवून पाहतो.

सौद्यात भाव व वजन ठरले, तरी वाहतूक कोणाच्या जोखमीवर हे न लिहिल्यास तंटा होतोच. नग बिघडला त्या दिवशी "पेढी सोडलीस, त्याचे हे फळ," असे मी त्यास बोललो होतो. ते बोल मी येथे परत घेतो. हिशेबाची शिस्त त्याने सोडलेली नाही; केवळ वही बदलली आहे.