वही कोणाच्या हाती?

कारखान्यातल्या कितीतरी तंट्यांचे मूळ मला एकाच प्रश्नात सापडले : हजेरीची वही कोणाच्या हाती? ब्लॉकचेनवरील समाजमाध्यमांचे आकर्षणही याच प्रश्नात आहे. नेहमीच्या माध्यमात तुमचे लेखन आणि तुमच्या ओळखीपाळखी यांची वही मालकाच्या तिजोरीत असते. त्याने खाते बंद केले की तुम्ही नाहीसे झालात. ब्लॉकचेनमध्ये त्या वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि प्रत्येक नवी नोंद मागच्या नोंदीशी जखडलेली असते. जुने पान गुपचूप फिरवता येत नाही.

२०१६ साली निघालेल्या 'स्टीमिट'ने तर वाचकांच्या मतांनुसार लेखकांना नाणीही दिली. पण गोम अशी, की मताचे वजन माणशी नव्हते, नाण्यांवर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन यांनी ती कंपनी विकत घेतली. नाण्यांचा मोठा साठा तिच्याचकडे होता. वही सांभाळणाऱ्या निवडलेल्या प्रतिनिधींनी तो गोठवला. तेव्हा मार्चमध्ये काही विनिमयगृहांनी ठेवीदारांची नाणी मताला लावली आणि ते प्रतिनिधीच बदलले गेले.

पण सभासद स्वस्थ बसले नाहीत. २० मार्च २०२० रोजी त्यांच्यातल्या अनेकांनी वहीची प्रत घेऊन 'हाइव्ह' हे नवे जाळे उभे केले. कंपनीचा साठा वगळला. संपात कामगार फाटकाबाहेर येतो, यंत्र आतच राहते. इथे यंत्रही बाहेर आले! म्हणून सांगतो, वहीची प्रत हाती असणे हे मोठे बळ खरे. पण एकजूट नसेल, तर ती नुसती रद्दी.