नकाशातलं विरजण

२०१२ची गोष्ट. जर्मनीत माझी पीएचडी चालू होती आणि आमच्या गटाला एका छोट्या कंपनीबरोबर व्हॅक्यूम चेंबर बनवून घ्यायचा होता. ड्रॉइंग कंपनीच्याच ऑटोकॅडवर झालं, रीतसर पैसे भरलेल्या परवान्यावर. प्रिंट काढली, तर कागदाच्या चारही कडांना एकच ओळ: 'प्रोड्यूस्ड बाय ॲन ऑटोडेस्क एज्युकेशनल प्रॉडक्ट'.

वर्कशॉपच्या प्रमुखांनी कागद परत केला. त्यांचंही बरोबर होतं. शिकण्यासाठी दिलेल्या परवान्यावरचं ड्रॉइंग घेऊन पैशाचं काम का करावं? कंपनीत संशय गेला तो इंटर्नवर. मुलगा सांगलीचा, मास्टर्स करणारा, अजून नोकरी पक्की व्हायची होती. मला म्हणाला, "ताई, सगळं ऑफिसच्याच मशीनवर केलंय हो मी!"

तो खोटं बोलत नव्हता. हा शिक्का ड्रॉइंगमधला मजकूर नसतो. लेयर बंद करा, हवं ते पुसा, तो जात नाही. तेव्हाच्या विद्यार्थी आवृत्तीत सेव्ह केलेल्या डीडब्ल्यूजी फाइलवर आतून एक खूण होत असे आणि छापताना सॉफ्टवेअर ती बघून ओळ काढत असे. खरी गंमत पुढे आहे. अशा फाइलमधला एखादा ब्लॉक तुमच्या स्वच्छ फाइलमध्ये आणला की सेव्ह करताना सगळ्या फाइलवर तीच खूण होत असे. चमचाभर विरजणानं पातेलंभर दुधाचं दही व्हावं तसं. मग तो ब्लॉक काढून टाकला तरी उपयोग नसे, कारण खूण ब्लॉकवर नसे, आख्ख्या ड्रॉइंगवर असे. (आवृत्तीगणिक हे वागणं थोडं बदलत गेलंय, त्यामुळे तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.)

आता विरजण पडलं कधी? कंपनीत रोज रात्री बॅकअप होत असे आणि या ड्रॉइंगच्या २२ प्रती होत्या. खूण असलेली फाइल उघडताना ऑटोकॅड इशारा देतं, म्हणजे तपासणी सोपी. पण २२ कशाला उघडायच्या? मधली उघडायची. ती स्वच्छ असेल तर दोष नंतरचा, नसेल तर आधीचा. दर वेळी अर्ध्या प्रती बाद होतात. संगणकशास्त्रातला हा बायनरी सर्च. २२ प्रतींना जास्तीत जास्त ५ वेळा उघडझाप पुरते. आम्हाला चारच लागल्या. शेवटची स्वच्छ प्रत चार दिवसांपूर्वीची निघाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्लँजवर बोल्ट आले होते. डीएन४० सीएफ फ्लँज, बाहेरचा व्यास ७० मिलिमीटर, एम६चे सहा बोल्ट. बोल्टचा ब्लॉक मुलानं विद्यापीठात असताना काढला होता आणि पेनड्राइव्हवरून आणला होता. "एक खिडकी आली होती खरी," तो ओशाळून म्हणाला, "मी कंटिन्यू दाबलं." आपण सगळेच दाबतो.

इथं मास्टर्स करून इंटर्नशिपला लागणाऱ्यांनी तो जुना पेनड्राइव्ह घरीच ठेवावा, हे माझं प्रामाणिक मत. प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा निराळी. सॉलिडवर्क्समध्ये विद्यार्थ्याच्या फाइलला पदवीदानाची टोपी दिसते. सॉलिड एजच्या विद्यार्थी आवृत्तीतली फाइल व्यावसायिक आवृत्ती उघडतच नाही.

फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेऊन परत आणा, शिक्का जातो, असा सल्ला तेव्हा आम्हालाही मिळाला. पण फाइल धुतली तरी परवान्याची अट धुतली जात नाही. शिवाय थ्रीडी मॉडेल स्टेपमध्ये नेलं तर आकार येतो, तो कोणत्या पायऱ्यांनी घडला तो इतिहास बहुतेकदा येत नाही.

फाइलमधल्या छुप्या खुणांवरून मोठ्या भानगडीही झाल्यात. ऑटोडेस्कनं डीडब्ल्यूजीमध्ये 'ही फाइल आमच्याच सॉफ्टवेअरची' असं सांगणारी खूण घातली. ओपन डिझाइन अलायन्सनं आपल्या सॉफ्टवेअरमधून तशीच खूण उमटवली. २००६ साली ऑटोडेस्क ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर कोर्टात गेली आणि २००७मध्ये अलायन्सनं ती काढून प्रकरण मिटवलं.

आम्ही स्वच्छ प्रत घेतली आणि चार दिवसांचं काम पुन्हा काढलं. दीड दिवस लागला, त्यातला बराचसा मापं ताडून बघण्यात. वेल्डिंगचं एक माप चुकीच्या कडेपासून घेतलेलं होतं, ते तेव्हाच सापडलं. बॅकअपच्या तारखा कंपनीला दाखवल्यावर मुलावरचा संशयही गेला.

बोल्ट त्यानं ऑफिसच्या मशीनवर नव्यानं काढला. एक षटकोन, एक वर्तुळ. पाच मिनिटं लागली.