ओस पडलेला बोगदा

आमच्या गडहिंग्लजला आगगाडी नाहीं. ती पहावयाची तर कोल्हापूर अथवा बेळगांव गांठावें लागतें. त्यामुळें बोगदा म्हटला कीं आमच्या मनांत कुतूहल व भय एकदमच उभीं राहतात. परंतु ज्या वाटेनें गाडी जाणें बंद झालें, तिचें पुढें काय होतें?

जवळचें उदाहरण बोरघाटाचें. हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्यावर पंचवीस बोगदे होते. तो बांधतांना एके काळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतले अनेक दगावले. वाटेंत एके ठिकाणीं गाडीस वळावयास जागा नव्हती. तेथें इंजिन दुसऱ्या टोकास जोडून गाडी उलट दिशेनें पुढें नेत. १९२९ सालीं नवा मार्ग झाला आणि तें ठिकाण ओस पडलें.

इंग्लंडांत बाथ शहराजवळील कोम डाउन बोगद्याची गोष्ट निराळी. तो १८७४ सालीं सुरू झाला. लांबी १,८२९ यार्ड, पण हवेसाठीं वर एकही झरोका नाहीं. १९२९ सालीं धुरानें चालक बेशुद्ध होऊन मालगाडी अनावर झाली व तिघांचे प्राण गेले. १९६६ सालीं मार्ग बंद पडला. पुढें बोगदा दुरुस्त करून, आंत दिवे लावून, २०१३ सालीं तो सायकलस्वार व पादचारी यांस खुला केला.

लहान चाकांच्या ‘बीएमएक्स’ सायकलींवर उड्या मारण्याचा खेळ कॅलिफोर्नियांत १९७० च्या सुमारास निघाला. त्यांतील शर्यती २००८ पासून ऑलिंपिकमध्यें आहेत. उड्यांसाठीं कित्येकदां लाकडी चढउतार बांधतात. वर छप्पर आयतें मिळतें म्हणून ओस बोगदा अशा खेळास सोईचा वाटतो. परंतु खडकांतून पाणी सतत झिरपतें. देखरेख सुटली कीं लाकूड आंतून कुजतें, खिळे गंजतात, आणि वरून धड दिसणारी फळी पायाखालीं मोडते. अंधारांत तें कळत नाहीं.

म्हणून आमच्या बालमित्रांस सांगणें इतकेंच कीं, अशा जागा पहाण्याची हौस अवश्य धरावी. पण परवानगी, चांगला दिवा व जाणत्याची सोबत असल्यावांचून आंत पाऊल टाकूं नये. ज्यांनीं तो डोंगर फोडला, त्यांचे श्रम कोम डाउनला पुन्हां उपयोगीं पडले. दिवा लावणारा व दुरुस्ती करणारा मनुष्य तेथें आला, एवढेंच त्याचें कारण.