तोतरेपणाचा प्रयोग

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वाचातज्ज्ञ वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत. तोतरेपणा जन्मजात नसून, मुलाच्या साध्या अडखळण्याला मोठ्यांनी दोष ठरवल्यामुळे तो जडतो, असे त्यांचे मत होते. ते पडताळण्यासाठी १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला.

त्यांपैकी सहा मुले नीट बोलत होती. तरीही त्यांना सांगण्यात आले, की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे आहेत. नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. शिक्षकांनाही खरा हेतू कळू दिला नव्हता. मुले हळूहळू गप्प झाली. काही जण विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत, वर्गात बोलायला कचरत. तोतरेपणा मात्र त्यांना कायमचा जडला, असे सिद्ध झाले नाही. जखम झाली ती आत्मविश्वासाला.

प्रयोग संपल्यावर ट्यूडर मुलांना धीर द्यायला पुन्हा आश्रमात गेली, पण मनात रुजलेली भीती सहजासहजी निघाली नाही. या प्रयोगावरचा तिचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणले, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने या प्रकरणी दाखल झालेल्या दाव्यात तडजोड करून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई मान्य केली.

ज्यांच्या वतीने नकार द्यायला कुणीच नव्हते, अशा मुलांची निवड हाच या प्रयोगातला सर्वांत मोठा अन्याय होता. आज अशा संशोधनाला पालकांची संमती आणि नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते.