पहिल्या पदवीचें नांव व तिची किंमत

बारावीचा निकाल लागला कीं पालक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. मुलास किंवा मुलीस पुढें व्यवस्थापनशास्त्राची उच्च पदवी, म्हणजे एम्. बी. ए., घ्यावयाची आहे. तर त्यापूर्वींची पदवी नामांकित व महागड्या महाविद्यालयांतून घ्यावी, कीं जवळच्या, अल्प खर्चाच्या महाविद्यालयांतून? प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याच्या उत्तरापायीं कित्येक घरांतील शेत किंवा राहतें घर गहाण पडतें. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. जेथें फी अधिक तेथें प्रतिष्ठा अधिक, असें आपल्याकडे तरी नाहीं. मुंबईचें सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालीं निघालें. आशियांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ख्याति आहे, आणि तें सरकारी आहे. माटुंग्याचें पोदार महाविद्यालय १९४१ चें, पुण्याचें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चें. अशा जुन्या संस्थांतील अनुदानित बी. कॉम्. वर्गाची फी आजहि मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपण्यासारखी आहे. (त्याच इमारतींत भरणाऱ्या विनाअनुदानित वर्गांची फी निराळी असते, हें अर्ज भरतांना पाहावें. शिवाय गांवाहून जाणाऱ्यास फीपेक्षां खोली व खाणावळ हाच मोठा खर्च.) येथें प्रवेशाची किंमत पैशांत नव्हे, गुणांत द्यावी लागते. उलट कित्येक नव्या खासगी विद्यापीठांत तीन वर्षांच्या पदवीस दहा लाखांहून अधिक रुपये पडतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकांत अध्यापकांपेक्षां पोहण्याच्या तलावाचींच चित्रें मोठीं असतात.

आतां ही पहिली पदवी पुढच्या दारांत कितपत विचारली जाते तें पाहूं. आय. आय. एम्. या नांवानें प्रसिद्ध असलेल्या संस्थांपैकीं पहिल्या दोन, कलकत्त्याची व अहमदाबादची, १९६१ सालीं स्थापन झाल्या. त्यांच्या कॅट या परीक्षेस बसण्यास मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी व सर्वसाधारणपणें शेकडा ५० गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग यांस शेकडा ४५. ती पदवी अमुक महाविद्यालयाचीच असावी, अशी अट नाहीं. अहमदाबादची संस्था मुलाखतीस बोलावितांना कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवी यांतील गुणहि हिशेबांत घेते. म्हणजे, विद्यार्थी मित्रहो, तुमच्या एम्. बी. ए. च्या अर्जाची पहिली ओळ याच शाळेच्या बांकावर लिहिली जात आहे! मुंबईची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्यानें निघाली; तेथील प्रवेशहि मुख्यतः राज्याच्या सामाईक परीक्षेवरच होतो.

मग नांवाचा कांहींच उपयोग नाहीं काय? तसें म्हणणें खरेपणाचें होणार नाहीं. अमेरिकेंत या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला आहे. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर यांनीं १९७६ सालीं महाविद्यालयांत गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढील मिळकत तपासली व आपला निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध केला. सारख्याच योग्यतेचे दोन विद्यार्थी घेतले, तर अधिक नामांकित महाविद्यालयांत गेलेल्याची मिळकत सरासरीनें अधिक आढळली नाहीं. मात्र गरीब घरांतून आलेल्यांस त्याचा लाभ झालेला दिसला. पुढें २०२३ सालीं राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांनीं तेथील बारा अग्रगण्य महाविद्यालयांविषयीं दाखविलें, कीं सरासरी मिळकतींत फारसा फरक पडत नसला तरी प्रसिद्ध उच्च शिक्षणसंस्थेंत प्रवेश मिळण्याचा संभव जवळजवळ दुप्पट होतो. अर्थात् हीं महाविद्यालयें गरीब मुलांस फीमध्यें मोठी सूट देतात, हें विसरून चालणार नाहीं.

यावरून आमचें मत असें, कीं ज्या घरांत कोणी पदवीधर नाहीं, ज्यांच्या ओळखीचा कोणी पेढींत वा कचेरींत नाहीं, त्या घरच्या हुशार मुलीनें वा मुलानें चांगल्या जुन्या महाविद्यालयासाठीं शहरांत राहण्याचा खर्च अवश्य सोसावा. तेथील सोबती व ग्रंथालय यांनीं जें मिळतें तें घरीं मिळण्यासारखें नसतें. नुसत्या भपक्यासाठीं मात्र एक रुपयाहि कर्ज काढूं नये.

कर्जाचा हिशेब पाहा. समजा, पहिल्या पदवीसाठीं दहा लाख रुपये तीन समान हप्त्यांत, प्रत्येक वर्षाच्या आरंभीं, शेकडा १० व्याजानें उचलले, आणि लागलीच एम्. बी. ए. करून तें संपेपर्यंत, म्हणजे एकंदर पांच वर्षें, फेड थांबविली. सरळव्याजानें धरलें तरी त्या दिवशीं देणें १४ लाख होतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें १८,५०० रुपये द्यावे लागतील. आणि एम्. बी. ए. च्या फीचा हिशेब तर अद्याप सुरूच झालेला नाहीं, मोठ्या आय. आय. एम्. ची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते. जी जमीन पहिल्या पदवीस तारण दिली, ती दुसऱ्या पदवीच्या वेळीं मोकळी नसते. ज्या पदवीनें खरी मिळकत व्हावयाची, तिच्याच दारांत पैसा संपलेला असतो. मध्यंतरीं दोन वर्षें अनुभवासाठीं अल्प पगारावर काम करावें म्हटलें, तर बँकेचा हप्ता उभा राहतो.

कर्ज काढणें प्राप्तच असेल तर २०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें मंजूर केलेली पी. एम्. विद्यालक्ष्मी योजना पाहावी. तींत तारण व जामीन यांवांचून कर्ज मिळतें. आणि ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे व ज्यास दुसरी सरकारी शिष्यवृत्ति वा व्याजसवलत नाहीं, अशा विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, फेड सुरू होईपर्यंत, व्याजांत शेकडा ३ सूट आहे. ही सूट वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच असून योजना सरकारच्या यादींतील संस्थांनाच लागू आहे. तेव्हां माहितीपत्रक घेण्यापूर्वीं त्या यादींत महाविद्यालयाचें नांव आहे किंवा नाहीं, हें पाहून घ्यावें.