मोजमाप पुस्तकात न मावणारी गुणवत्ता

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद प्रकल्पाचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या या प्रदेशाला प्रकल्पाने रोजगार दिलाच. शिवाय उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर तपासणी करण्याची एक शिस्तही येथे रुजवली. येथील रेल्वे रुळावर तो कोणत्या पोलादाच्या घाण्यातून निघाला याचा क्रमांक उमटवलेला असतो. अंतर्गत भेगा शोधण्यासाठी त्यातून श्राव्यातीत ध्वनिलहरी पाठवल्या जातात. रूळ तुटला तर क्रमांकावरून माग काढत थेट भट्टीपर्यंत पोहोचता येते.

याच प्रकल्पातल्या सळया एखाद्या सरकारी शाळेच्या बांधकामावर पोहोचल्या की मात्र हा माग पुसला जातो. मोळीला बांधलेली पट्टी सळई कापतानाच गळून पडते. त्यानंतर कोणती सळई कोणत्या तुळईत गेली, तिच्यावर काँक्रीटचे आवरण किती राहिले, हे स्लॅब पडल्यानंतर कोणालाही सांगता येत नाही. कारखान्यातली वस्तू सदोष निघाली तर बाजूला काढता येते. इमारतीचा दोष मात्र काँक्रीटखाली झाकला जातो.

सिमेंटचे उदाहरण अधिक बोलके आहे. झोतभट्टीतून निघणारी मळी दाणेदार करून सिमेंटमध्ये मिसळली जाते. भिलाईलगतच्या जामूल येथे सिमेंटचा कारखाना आहे. हे मळीमिश्रित सिमेंट उत्तम असते, टिकाऊही असते. परंतु त्याची ताकद सावकाश वाढते. म्हणून ‘आयएस ४५६’ ही काँक्रीटची राष्ट्रीय संहिता साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवण्यास सांगते आणि हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते. आता आपले आर्थिक वर्ष आठवा. ३१ मार्चपूर्वी निधी खर्च झाला नाही तर तो परत जातो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये स्लॅब ओतण्याची घाई होते आणि पाणी मारण्याचे दिवस नेमके उन्हाळ्यात, विहिरी आटत असताना येतात. दुर्ग काय, गोंदिया काय किंवा गडचिरोली काय, चित्र तेच. त्यातच पाणी मारण्याचे सहसा वेगळे देयक नसते. ते काँक्रीटच्या दरातच धरलेले असते. ज्या कामाचे स्वतंत्र पैसे मिळत नाहीत, ते काम सर्वांत आधी गाळले जाते.

सेवेत असताना एका जिल्ह्यात नव्या शाळेची नोंदवही मी पाहिली होती. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून घेतलेल्या चाचण्यांचे आकडे त्यात होते आणि ते सगळे जवळजवळ सारखे होते. मी इतिहासाचा विद्यार्थी, अभियंता नव्हे. पण कागदपत्रे वाचण्याची सवय होती. संहिता एम-२० काँक्रीटसाठी ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतके प्रमाण विचलन गृहीत धरते, म्हणजे खऱ्या आकड्यांत चढउतार असणारच. विचारणा केली तेव्हा कळले, ठोकळे स्लॅबच्या मालाचे नव्हतेच. ते वेगळे, काळजीपूर्वक बनवले होते. सगळ्या पानांवर सह्या होत्या.

ही केवळ व्यक्तींची अप्रामाणिकता नव्हे. आपले सार्वजनिक बांधकाम खाते डलहौसीच्या काळात, १८५४ च्या सुमारास आकारास आले आणि त्याचा मोजमाप पुस्तकाचा वारसा आजही चालू आहे. त्या पुस्तकात लांबी, रुंदी, उंची मावते. ताकद मावत नाही. पैशाची चोरी पकडण्यासाठी ते साधन चांगले आहे. स्वतंत्र तांत्रिक तपासणीची कल्पनाही जुनीच: मुख्य तांत्रिक परीक्षकाचे कार्यालय १९५७ मध्ये स्थापन झाले आणि १९६४ मध्ये संथानम समितीच्या शिफारशीनुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे गेले. परंतु बरीचशी दक्षता दोष झाकला गेल्यानंतर येते.

ग्रामीण रस्त्यांबाबत आपण थोडे पुढे गेलो. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत अंमलबजावणी यंत्रणा, राज्याचे निरीक्षक आणि राष्ट्रीय निरीक्षक अशी त्रिस्तरीय तपासणी ठेवली गेली. ती निर्दोष नाही; पण बाहेरचा माणूस काम चालू असताना येऊन खड्डा खणून पाहतो, ही गोष्ट कंत्राटदाराला ठाऊक असते. दोन-तीन खोल्यांच्या शाळेच्या वा आरोग्य उपकेंद्राच्या वाट्याला असा माणूस क्वचितच येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने निवडक कामांसाठी किमतीबरोबर गुणवत्तेलाही कमाल ३० टक्के भार देण्याची मुभा दिली. मोठ्या कामांना ती उपयोगी पडेल. तालुक्यातली शाळा मात्र सर्वांत कमी दराच्या निविदेवरच उभी राहते.

मे २००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील भूकंपात शाळा कोसळून हजारो मुले दगावली, तेव्हा पालकांनी निकृष्ट बांधकामाचा प्रश्न रस्त्यावर येऊन विचारला. आपल्याकडे भूकंपाचीही गरज भासली नाही: जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेचे छत पडून सात मुलांचा मृत्यू झाला. ती इमारत जुनी होती, तेथे प्रश्न देखभालीचाही होता. परंतु कोणत्या वर्गात बसणे धोक्याचे आहे, हे सांगणारी नोंद नसते, हा धागा सारखाच.

उपाय फार खर्चिक नाहीत. पाणी मारण्याची स्वतंत्र बाब दरसूचीत धरावी आणि तिचे देयक चौदाव्या दिवसानंतरच द्यावे. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांची छायाचित्रे आणि घाण्याचा क्रमांक नोंदवावा. ठोकळे दुसऱ्या विभागाच्या प्रयोगशाळेत जावेत. आणि इमारतीची ही वही कार्यकारी अभियंत्याच्या कपाटात न ठेवता मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी. छताखाली रोज बसायचे आहे ते त्यांना आणि मुलांना.