ग्रंथ मोठा की चर्च? रमाबाईंनी घातलेला वाद

1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि लवकरच चर्चशी त्यांचा वाद जुंपला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचं सूत्र केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. बायबलात आधार दाखवा, हे त्यांचं मागणं. 1885च्या पत्रव्यवहारात वाँटेजच्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांनी आज्ञापालनाचा आग्रह धरला. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं रमाबाईंनी कळवलं. क्रूसावर लॅटिन शब्द का, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारलं.

रमाबाईंची बाजू मला पटते. पण तिच्यावरचा बळकट आक्षेप टाळता येत नाही: बायबलात कोणती पुस्तकं हवीत, हे चर्चनेच ठरवलं ना? रमाबाईंना खटकलेला एक मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा अधिकृत जाहीरनामा, ज्यांच्या नावाने चालतो, त्या बिशप अथानेशियस यांच्याच 367 सालच्या पत्रात नव्या कराराच्या नेमक्या 27 पुस्तकांची यादी प्रथम आढळते. त्याआधी याकोबाच्या पत्राबद्दल, प्रकटीकरणाबद्दल मतभेद होते. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस हस्तलिखितात तर ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा पुढे वगळलेला ग्रंथही आहे. आजही कॅथलिकांच्या बायबलात 73 पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या 66. तरीही पौलाची पत्रं या यादीच्या तीनशे वर्षं आधीपासून मंडळ्यांतून वाचली जात होती. तिथे बिशपांनी असलेल्या मान्यतेवर शिक्का मारला, एवढंच. वादातल्या पुस्तकांचा निकाल मात्र चर्चनेच लावला, हे कबूल करायलाच हवं. म्हणून चर्चची साक्ष मी मोलाची मानतो. शेवटचा शब्द तिचा मानत नाही.

मग जो तो आपला अर्थ लावील, असं म्हणतात. ते खरंच घडलं. 1529 साली मारबुर्गला प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली 15पैकी 14 मुद्द्यांवर एक झाले आणि प्रभुभोजनाच्या अर्थावरून फुटले. पण संस्थेने तरी एकी कुठे राखली? 1409नंतर काही वर्षं एकाच वेळी तिघे जण आपणच पोप म्हणून मिरवत होते. ग्रंथाचा दाखला दिला की निदान तो उघडून पाहता येतो, आणि माझ्या लेखी हा फरक निर्णायक आहे. अर्थात त्यासाठी कष्ट पडतात. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं खर्चून, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. खुद्द रमाबाईंचं म्हणणं पडताळायलाही त्या बायकांना आता कुणाची परवानगी लागणार नव्हती.